सीपीआरचा आकडा पडद्यावर येतो, पण तो बघतं कोण?

अश्विनी_आयसीयू

आमच्याकडे नवीन डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा शॉक देणारं यंत्र) घ्यायचं ठरतंय. सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबणं आणि श्वास देणं) कसा चाललाय हे तिथल्या तिथे सांगणारं, म्हणजे फीडबॅक असलेलं मॉडेल घ्यावं की साधं, यावरून दोन तट पडले आहेत. मी फीडबॅकच्या बाजूची आहे, पण नुसतं यंत्र आणून काम होईल असं मला वाटत नाही. इथे डॉक्टर, नर्स, बायोमेडिकलवाले बरेच आहेत, म्हणून धागा काढते आहे.

कॉवेनहोवन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी बाहेरून छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवता येतं हे १९६० मध्ये जॉन्स हॉपकिन्समधून मांडलं. त्यासाठी फक्त दोन हात लागतात, असं त्यांनी लिहिलं होतं. पण ते दोन हात नेमकं काय करतात हे प्रत्यक्ष रुग्णावर मोजायची सोय पुढची चाळीसेक वर्षं जवळजवळ नव्हतीच. मांडीतली नाडी हाताला लागते का आणि टीम लीडरच्या नजरेला कसं दिसतंय, यावर सगळं चालायचं.

सेन्सर लावलेले डिफिब्रिलेटर आले तेव्हा पहिल्यांदा खरं चित्र दिसलं. २००५ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन अभ्यास आले. शिकागो विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या ६७ रुग्णांच्या अभ्यासात सीपीआरच्या पहिल्या पाच मिनिटांचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडून पाहिलं होतं. २८ टक्के तुकड्यांत दाबण्याचा वेग मिनिटाला ९० पेक्षा कमी होता, ३७ टक्क्यांत खोली ३८ मिलिमीटरच्या आत होती आणि ६० टक्क्यांहून जास्त तुकड्यांत मिनिटाला २० पेक्षा अधिक श्वास दिले जात होते. दुसरा अभ्यास स्टॉकहोम, लंडन आणि नॉर्वेतल्या आकेर्शुस इथल्या रुग्णवाहिकांचा. त्यात रक्ताभिसरण थांबलेलं असताना जवळपास निम्मा वेळ, म्हणजे ४८ टक्के, छातीवर कोणाचा हातच नव्हता.

ही सगळी प्रशिक्षित माणसं होती, आणि जीव तोडूनच काम करत होती. त्या क्षणी आपलं काय चाललंय हे स्वतःला कळत नाही, हा माणूस असण्याचाच भाग आहे. त्यांना दोष देऊन काहीच हाती लागत नाही.

हल्लीची उद्दिष्टं बहुतेकांना पाठ असतील: प्रौढ रुग्णात खोली ५ ते ६ सेंटिमीटर, वेग मिनिटाला १०० ते १२०, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देणं, आणि एकूण वेळापैकी निदान ६० टक्के, जमल्यास ८० टक्के वेळ हात चालू. श्वासनलिकेत नळी टाकलेली असेल तर मिनिटाला १० श्वास, त्याहून जास्त नाही. यातली किती उद्दिष्टं आपल्याकडे खरोखर पाळली जातात? फीडबॅक वापरणाऱ्यांचा अनुभव कसा आहे? खरेदीपलीकडे काय तयारी लागते? सविस्तर लिहा.

इमर्जन्सीवाला

महत्त्वाचा विषय. पण विरुद्ध बाजू मांडणं मला गरजेचं वाटतं, कारण खर्च मोठा असतो आणि तोच पैसा माणसांवर लावता येतो.

२०११ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिका-कॅनडातला एक मोठा अभ्यास आला, १५८६ रुग्णांचा. ठरावीक काळ फीडबॅक चालू, ठरावीक काळ बंद, अशी रचना होती. सीपीआर सुधारला. हृदय पुन्हा सुरू होण्याचं प्रमाण मात्र फीडबॅक असताना ४४ टक्के आणि नसताना ४५ टक्के निघालं, म्हणजे फरक काहीच नाही. शिकागोच्याच गटाने २००७ मध्ये रुग्णालयातल्या रुग्णांवर फीडबॅकचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही दाबण्यात थोडी सुसूत्रता आली यापुढे ठोस काही हाती आलं नाही.

मग घ्यायचं कशासाठी? आकडे सुधारणं हे आपलं ध्येय नाही, रुग्ण घरी जाणं हे आहे.

अश्विनी_आयसीयू

@इमर्जन्सीवाला, हाच अभ्यास आमच्या बैठकीतही निघाला होता. पण त्यात सीपीआर किती सुधारला तेही बघा ना. खोली ३८ मिलिमीटरवरून ४० वर गेली, हात चालू असण्याचा वेळ ६४ टक्क्यांवरून ६६ वर. दोन मिलिमीटर आणि दोन टक्के! फीडबॅक लावूनसुद्धा सरासरी खोली आजच्या ५ सेंटिमीटरच्या उद्दिष्टाच्या पार खालीच राहिली. एवढ्याशा फरकातून जगण्याचं प्रमाण बदलेल अशी अपेक्षाच कशी करायची? यंत्र सांगत होतं, पण ऐकून हात बदलतील अशी व्यवस्था भोवती नव्हती, असा मी त्याचा अर्थ लावते.

आता त्याच शिकागो गटाचा २००८ चा अभ्यास घ्या. त्यांनी यंत्राच्या फीडबॅकला आठवड्याच्या डीब्रीफिंगची जोड दिली. गेल्या आठवड्यातल्या कोडची (रुग्णालयात कोणाचं हृदय थांबल्यावर होणाऱ्या धावपळीची) नोंद पडद्यावर लावायची, आणि खोली कुठे कमी पडली, हात कुठे थांबले, का थांबले हे निवासी डॉक्टरांनी एकत्र बसून पाहायचं. हृदय पुन्हा सुरू होण्याचं प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांवरून ५९ वर गेलं. डिस्चार्जपर्यंत जगण्यात फरक दिसला नाही, हे मी लपवणार नाही. शिवाय ती आधी-नंतरची तुलना होती. तरी दोन अभ्यास शेजारी ठेवले की मला दिशा स्पष्ट दिसते.

सीपीआरविषयी शिफारशी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीचं, म्हणजे इल्कोरचं, २०१५ आणि २०२० चं म्हणणंही याच्याशी जुळतं. फीडबॅक यंत्र सर्वांगीण गुणवत्ता कार्यक्रमाचा भाग म्हणून वापरा, एकटं वापरू नका.

मापनशास्त्री

मी वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीत आहे, डॉक्टर नाही. यंत्राच्या आत काय चालतं ते खरेदी करणाऱ्या फार थोड्यांना सांगितलं जातं, म्हणून जरा लांबण लावतो.

छातीवर ठेवायच्या बहुतेक फीडबॅक पॅडमध्ये अॅक्सेलरोमीटर असतो. तो खोली मोजत नाही, त्वरण मोजतो. त्वरणाचं एकदा संकलन केलं की वेग मिळतो, दुसऱ्यांदा केलं की अंतर. दोनदा संकलन करताना बारीकशी चूकही साचत जाते, त्यामुळे प्रत्येक दाबानंतर शून्य कुठे धरायचं हे यंत्राला ठरवावं लागतं. त्यासाठी काही यंत्रांत शेजारी दाबाचा सेन्सरही असतो. हात छातीवर रेलून राहिलाय का हे ओळखायलाही तो उपयोगी पडतो.

खरी गोम पुढे आहे. अॅक्सेलरोमीटर *स्वतः* किती खाली गेला तेवढंच सांगतो, छाती किती दबली हे नाही. रुग्ण जमिनीवर असेल तर दोन्ही एकच. रुग्णालयात मात्र तो गादीवर असतो. समजा पडद्यावर ५.५ सेंटिमीटर दिसतंय, हिरवा रंग आहे, सगळे खूश आहेत, आणि त्यातले २ सेंटिमीटर गादी दबली आहे. मग छाती साडेतीनच दबली! पलंगावर ठेवलेल्या मॅनिकिनवरच्या (सरावाच्या पुतळ्यावरच्या) प्रयोगांत हे दाखवलेलं आहे, आणि २००९ पासून ते छापील साहित्यात आहे. म्हणजे ज्या वातावरणात यंत्र सर्वांत जास्त वापरलं जाणार, तिथेच ते खोटा दिलासा देऊ शकतं. हवेची गादी असेल तर आणखी वाईट. ती सीपीआर मोडवर टाकून हवा काढली का, हे बघणारं कोणी लागतं.

यावर उपाय आहेत. एक, पाठीखाली बॅकबोर्ड. तो फळीसारखा लांबरुंद असेल तर जास्त उपयोग, पण गादीचं दबणं तो पूर्ण थांबवत नाही. दुसरा, दोन भागांचं यंत्र: एक भाग छातीवर, एक पाठीखाली. ट्रूसीपीआर नावाचं उपकरण चुंबकीय क्षेत्र वापरून या दोन भागांमधलं अंतर मोजायचं, त्यामुळे गादीचा प्रश्नच येत नाही. काही डिफिब्रिलेटरच्या छाती-पाठ पॅडमध्येही दोन्हीकडे सेन्सर असतात. तिसरा प्रकार अंतराऐवजी जोर मोजणारा. ठरावीक जोर आला की ‘टक’ वाजतं, स्क्रीन नाही, बॅटरी नाही. अशाच एका उपकरणाचा इराणमधल्या आयसीयूंत ९०० रुग्णांवर यादृच्छिक अभ्यास झाला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदय पुन्हा सुरू होण्याचं प्रमाण ४२ टक्क्यांच्या जागी ६६ च्या वर निघालं. मात्र प्रत्येकाच्या छातीचा ताठरपणा वेगळा, त्यामुळे तोच जोर एखाद्या कृश आजींना जास्त आणि दुसऱ्या कोणाला कमी पडू शकतो.

विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: तुमचं यंत्र गादीचं दबणं वजा करतं का, आणि कसं? गुळमुळीत उत्तर आलं तर तुमच्याच पलंगावर, तुमच्याच गादीवर मॅनिकिन ठेवून प्रात्यक्षिक मागा.

इमर्जन्सीवाला

@मापनशास्त्री, इतकं नीट कोणी समजावलं नव्हतं. इराणच्या अभ्यासाची मला कल्पना होती. फरक इतका मोठा आहे की दुसरीकडे कोणी पुन्हा करून दाखवेपर्यंत मी सावधच राहीन. पण आयसीयूत, रुग्णालयाच्या आत झालेला तो मोठा यादृच्छिक अभ्यास आहे हे मान्य. मी दिलेला २०११ चा अभ्यास रुग्णालयाबाहेरचा होता, हेही खरं.

रातपाळी

वॉर्डात नर्स आहे, अनेक वर्षं. इथे अभ्यासांवर चर्चा चालली आहे, मी खोलीत काय होतं ते सांगते.

कोड झाला की दोन मिनिटांत पलंगाभोवती गर्दी होते. डिफिब्रिलेटर क्रॅश कार्टवर (आणीबाणीच्या साहित्याच्या ढकलगाडीवर) असतो आणि कार्ट जिथे जागा मिळेल तिथे. बहुतेक वेळा छाती दाबणाऱ्याच्या पाठीमागे! पडदा त्याला दिसतच नाही. यंत्र बोलतं, ‘आणखी जोरात दाबा’, पण मॉनिटरचे अलार्म वाजत असतात, कोणी ॲड्रेनॅलिन मागत असतं, कोणी सक्शन मागत असतं. त्या गोंगाटात यंत्राचा आवाज विरून जातो. एखाद्या वेळी कोणीतरी वैतागून तो आवाजच बंद करतं.

आमच्याकडे एक बदल केला आणि त्याने सगळ्यांत जास्त फरक पडला. एका माणसाचं काम फक्त सीपीआर बघणं. डिफिब्रिलेटरपाशी उभं राहायचं, औषधं नाही, नोंद नाही, आयव्ही नाही. पडदा बघून दाबणाऱ्याला नावाने सांगायचं: ‘अजून खोल’, ‘वेग कमी कर’, ‘हात पूर्ण उचल’. बदलीची वेळ झाली की पुढच्याला आधीच तयार ठेवायचं. ‘पल्स चेक’ म्हटलं की मोठ्याने सेकंद मोजायचे आणि दहाच्या आत हात परत छातीवर. याला सीपीआर कोच म्हणतात. लहान मुलांच्या हृदयक्रिया बंद पडण्याच्या सिम्युलेशनवर कॅनडातल्या चेंग आणि सहकाऱ्यांचा २०१८ चा अभ्यास आहे, कोच असलेल्या टीमने दर्जेदार सीपीआर दिल्याचं त्यात दिसलं. आम्हाला ते अभ्यास न वाचताच पटलं होतं.

यंत्र सांगतं तेव्हा माणूस त्याकडे दुर्लक्ष करू शकतो. शेजारची सहकारी नाव घेऊन सांगते तेव्हा करत नाही.

आणखी काही गोष्टी, कुठल्याच माहितीपत्रकात नसलेल्या. बुटक्या माणसाला पायरी लागते. पलंग उंच असेल तर खांद्याचं वजन पडतच नाही, सगळा जोर हातातून येतो आणि एका मिनिटात संपतो. पायरीचं स्टूल क्रॅश कार्टबरोबरच बांधून ठेवा. पॅड काही वेळा तळहाताला रुततं, म्हणून लोक ते नकळत बाजूला सरकवतात आणि मग आकडे भलतेच येतात. आणि थकवा! दीड-दोन मिनिटांत खोली घसरायला लागते, पण दाबणाऱ्याला वाटतं मी ठीक आहे. कोणी ‘मी करतो अजून, बदलू नका’ म्हणालं तरी बदलायचं. तिथे पडद्यावरचा आलेख दाखवता येतो, वाद होत नाही.

भूलतज्ज्ञ_मीरा

रातपाळी, तुमचा प्रतिसाद आमच्या विभागात वाचून दाखवणार आहे.

मला एक भर घालायची आहे. अजूनपर्यंत सगळी चर्चा *आपण काय देतोय* याच्या मोजमापावर झाली. रुग्णाचं शरीर *काय परत देतंय* हाही फीडबॅकच आहे, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. नळी टाकलेली असेल तर कॅप्नोग्राफ, म्हणजे बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र, लावा. रक्त फुप्फुसातून वाहिलं तरच कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो, त्यामुळे श्वासाच्या शेवटचा आकडा हा छाती दाबण्याने होणाऱ्या रक्तप्रवाहाचा जवळजवळ थेट आरसा असतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१३ च्या सीपीआर गुणवत्तेवरच्या निवेदनात हा आकडा २० मिलिमीटर पाऱ्याच्या वर ठेवायचा प्रयत्न करा असं सुचवलं आहे. आर्टेरियल लाइन (धमनीत घातलेली, रक्तदाब सतत मोजणारी नळी) असेल तर डायस्टोलिक, म्हणजे खालचा, दाब २५ च्या वर. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत रक्त जातं ते छाती वर येते तेव्हा, दाबताना नाही. म्हणून डायस्टोलिक.

हात थांबला की हा दाब लगेच कोसळतो, आणि पुन्हा चढवायला बरेच दाब द्यावे लागतात. पाच सेकंदांची विश्रांती त्यामुळे पाच सेकंदांची राहत नाही. शॉकच्या आधीचा थांबा जितका लांबतो, तितकी पहिला शॉक यशस्वी होण्याची शक्यता घटते, हेही दाखवलेलं आहे. चार्ज होईपर्यंत दाबत राहा.

श्वासांबद्दल अश्विनीने ओझरतं लिहिलं, पण आयसीयूत नळी टाकल्यावर सर्वांत जास्त बिघडतं ते हेच. अॅम्बू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) हातात आली की घाबरलेला माणूस ती भराभर दाबतो. प्रत्येक जादा श्वासाने छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. २००४ मध्ये ऑफडरहाइड आणि सहकाऱ्यांनी डुकरांवर पाहिलं: मिनिटाला १२ श्वास दिलेल्या सातांपैकी सहा जगली, ३० दिलेल्या सातांपैकी एकच. दर सहा सेकंदांनी एक श्वास, एवढा लुकलुकणारा दिवा जरी यंत्रात असला तरी मी त्यासाठी पैसे मोजेन.

साधा_वाचक

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, पण सगळं वाचलं. दोन प्रश्न. माझ्या जवळच्या व्यक्तीला सीपीआर दिला तेव्हा बरगड्या मोडल्या. यंत्र ‘आणखी खोल’ सांगत राहिलं तर हे वाढणार नाही का? आणि फोनवरच्या मेट्रोनोमने (ठरावीक ठेका वाजवणाऱ्या ॲपने) हेच काम स्वस्तात होणार नाही का?

भूलतज्ज्ञ_मीरा

@साधा_वाचक, तुमच्या मनात हे येणं अगदी स्वाभाविक आहे. ज्यांनी ते पाहिलं त्यांना फार त्रास होतो. पण प्रौढांमध्ये नीट दिलेल्या सीपीआरमध्येही बरगड्या किंवा छातीचं मधलं हाड मोडणं बऱ्याचदा होतं. हृदय थांबलेलं असताना रक्त मेंदूपर्यंत पोचवणं हेच पहिलं काम असतं, आणि बरगडी नंतर सांधते. शिवाय फीडबॅकचा उपयोग दोन्ही बाजूंनी होतो. सहा सेंटिमीटरची वरची मर्यादा याचसाठी आहे. त्याच्या पलीकडे इजा वाढते, फायदा नाही. घाबरलेला तगडा माणूस कित्येकदा त्याहून खोल जातो. पडद्यावर आकडा असेल तर त्याला थोपवता येतं.

रातपाळी

मेट्रोनोमबद्दल मी सांगते. वेग सांभाळायला छान, आम्हीही वापरतो. काहीच नसेल तिथे जरूर लावा. पण ठेका पकडायच्या नादात खोली कमी होते, आणि मेट्रोनोम खोलीबद्दल गप्पच असतो. म्हणून मेट्रोनोम लावला तरी कोच हवाच.

इमर्जन्सीवाला

आता माझ्या मनातली खरी भीती लिहितो. हे यंत्र प्रत्येक दाबाची नोंद ठेवतं. उद्या रुग्ण गेला आणि कोणी तो आलेख काढून म्हणालं, ‘बघा, चौथ्या मिनिटाला खोली चार सेंटिमीटर होती, त्या वेळी ड्युटीवर कोण होतं?’ मग? एका ठिकाणी डीब्रीफिंगच्या नावाखाली भर बैठकीत एका ज्युनियरची हजेरी घेतलेली मी पाहिली आहे. पुढच्या कोडला ती मुलगी मागे उभी राहिली. असं होणार असेल तर यंत्र नसलेलं बरं.

अश्विनी_आयसीयू

@इमर्जन्सीवाला, तुमचा हा प्रतिसाद मला खर्चाच्या मुद्द्यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो.

इथे नियम यंत्र येण्याआधी लेखी ठरले पाहिजेत. आमच्या प्रस्तावात मी हे घालते आहे: नोंदीवरून माणसाचं नाव काढून टाकायचं, आलेख टीमचा म्हणून पाहायचा, आणि डीब्रीफिंगला प्रशासनातलं कोणी नसेल. पहिला प्रश्न नेहमी ‘काय आड आलं?’ हा. खोली घसरली तर स्टूल होतं का, बॅकबोर्ड होता का, बदलीला माणूस होता का, हे विचारायचं. चार सेंटिमीटरचं कारण बहुतेक वेळा पलंगापाशीच सापडतं. आणि जे चांगलं झालं तेही दाखवायचं. एखाद्या टीमने हात चालू असण्याचा वेळ ८५ टक्क्यांवर नेला तर तो आलेख सगळ्या विभागाने बघावा.

कोड संपल्यावर लगेच, तिथल्या तिथे पाच मिनिटं बोलायचं आणि नोंद पुढच्या आठवड्यात शांतपणे बघायची, असं दोन टप्प्यांत करायचा विचार आहे. रुग्ण गेल्यानंतर लगेच आकडे समोर ठेवणं मला माणुसकीचं वाटत नाही.

प्रशिक्षणाचंही ठरवायचं आहे. दोन वर्षांतून एकदा सीपीआर प्रशिक्षणाचं कार्ड नवं करून घेण्याने हात तयार राहत नाहीत, कौशल्य काही महिन्यांतच उतरायला लागतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१९ पासून आपल्या प्रौढ सीपीआर वर्गांत फीडबॅक देणारं मॅनिकिन सक्तीचं केलं आणि दर तीन महिन्यांनी थोडा सराव करायचा कार्यक्रमही आणला. तसं मॅनिकिन आयसीयूच्या कोपऱ्यात कायमचं ठेवायचं, ड्युटी सुरू होताना दोन मिनिटं करून जायचं, असं मी मांडणार आहे. आणि @मापनशास्त्री, ते गादीवर ठेवायचं, जमिनीवर नाही.

मापनशास्त्री

उत्तम. फक्त मॅनिकिन हलकं असतं, रुग्णाच्या वजनाने गादी आधीच दबलेली असते तशी त्याच्याखाली दबत नाही. वजनाच्या पिशव्या घालून भारी करा, म्हणजे सराव खऱ्याच्या जवळ जाईल. आणि पॅडची मुदत तपासायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर टाका. सेन्सरवाले पॅड महाग म्हणून जपून ठेवतात आणि ऐन वेळी मुदत संपलेलं पाकीट निघतं.

इमर्जन्सीवाला

छाती दाबणारं यांत्रिक उपकरणच का नको, असं कोणी विचारण्याआधी लिहून ठेवतो. २०१४-१५ च्या मोठ्या अभ्यासांत, लिंक आणि पॅरामेडिक, हातांनी दिलेल्या सीपीआरपेक्षा ते सरस ठरलं नाही. रुग्ण हलवताना, कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफीच्या खोलीत) किंवा सीपीआर फार वेळ चालणार असेल तेव्हा त्याचा उपयोग आहेच, पण ते बसवताना हात थांबतात, आणि त्या थांब्याचाही सराव लागतो.

अश्विनी, तुमचे लेखी नियम इथे टाकाल का? कोच आणि नाव काढून टाकणं या दोन अटी मान्य होणार असतील तर मी आमच्याकडेही खरेदीच्या बाजूने मत देईन. या क्रमाने: आधी कोच, मग नियम, मग यंत्र.

अश्विनी_आयसीयू

टाकते. मसुदा विभागात फिरतोय, सिस्टर मंडळींच्या सूचना आल्या की इथे चिकटवते. रातपाळी, कोचने नेमके कोणते शब्द वापरायचे याची तुमच्याकडे यादी असेल तर कृपया द्या. ‘छान चाललंय’ हा त्यात ठेवावा की नाही यावर आमच्याकडे वाद आहे.

रातपाळी

ठेवा, पण आकड्यासकट: ‘खोली साडेपाच, वेग एकशे दहा, असंच.’ नुसतं ‘छान’ म्हटलं की दाबणारा सैलावतो. बाकीचे शब्द उद्या ड्युटी संपल्यावर लिहिते.